पाठमोरी बाबागाडी

आमच्या घरातली जुनी बाबागाडी वेताची, उंच चाकांची होती. बाळ ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसायचं. त्याचं बोळकं हसू घरापासून देवळापर्यंत समोर असायचं. पुढे लोखंडी नळ्यांच्या गाड्या आल्या, मग कापडी आल्या. आता माझ्या नातीची गाडी छत्रीसारखी मिटते आणि एका हाताने जिना चढवता येते. बाळाचं तोंड मात्र रस्त्याकडे.

आज सकाळी तिला बागेत फिरवत होतो. एक हात गाडीवर, दुसऱ्यात मोबाईल. समोरून येणारी एक बाई थांबली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, ती मघापासून तुम्हाला काहीतरी देतेय.”

पाहतो तर गाडीच्या छताच्या बाजूने तिचा इवला हात मागे आलेला, तसाच ताटकळत. गाडीच अशी, असं त्या बाईला सांगावंसं वाटलं, पण मोबाईल अजून हातातच होता.

पुढे जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिने मुठीतलं ओलं, अर्धं बिस्किट माझ्या तोंडात कोंबलं आणि खुदकन हसली. वरच्या हिरडीत एक दात लुकलुकत होता. तो कधी आला, मला माहीत नव्हतं.