बिब्ब्याची खूण

पुतणीचा सिनेमा एक तास बावन्न मिनिटांचा आहे. बपेऱ्याकडच्या आमच्या गावी तिने तो विहाराच्या सभागृहात दाखवला, तेव्हा साठ खुर्च्या मांडल्या होत्या. सुरुवातीला त्या पुरल्या नाहीत. शेवटी तेवीस जण उरले, त्यात आम्ही घरचे सात.

सिनेमा राजकीय होता. काल्पनिक गावातली सरपंचाची निवडणूक, पण ती खरीच कोणीतरी टिपली आहे असं भासवणारी. हलता कॅमेरा, मुलाखती, मागून प्रश्न विचारणारा आवाज. कलाकार गावचेच, आणि वाक्य संपलं की प्रत्येक जण "झालं का?" अशा चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचा. उमेदवाराचं भाषण अकरा मिनिटं चाललं. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "खोटंच हाये तं येवढं लांबवलं काहून जी?"

माझी तक्रार वेगळी होती. शेवटी फळ्यावर लिहिलेला निकाल दिसतो. केंद्रावरचे मतदार चारशे बारा आणि मोजलेली मतं चारशे एकतीस. मी तिला हे दाखवलं.

"काका, तुमच्याशिवाय कोणी बेरीज करत नाही," ती म्हणाली.

सिनेमात मी मतदान अधिकारी होतो. नोकरीत ते काम पाच वेळा केलेलं, म्हणून मला घेतलं. शाई लावताना कॅमेरा अगदी जवळ येणार होता आणि तिने आणलेली निळी शाई बोटभर पसरत होती. तेव्हा बिब्बा मीच सुचवला. आमच्याकडे धोबी कपड्यांवर त्याच्याच खुणा करायचा. त्या धुऊन जात नाहीत. कातडीला लागला तर बिब्बा उततो, म्हणून मी काडीने तो फक्त नखावर लावला, प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीच्या. अशी बावीस माणसं झाली.

शूटिंगनंतर दीड महिन्याने ग्रामपंचायतीची खरी निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातून वहिनी, म्हणजे पुतणीची आई, उभ्या राहिल्या. ते बावीस जण याच वॉर्डातले आणि बहुतेक वहिनींचेच मतदार. त्यांची नखं अजून काळी होती. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, हे मी स्वतःच्या नखावर पट्टी धरून पाहिलं.

"भाऊजी, पोरीचा सिनेमा पडला तं पडला," वहिनी म्हणाल्या. "पण एकदा मत देऊन आले म्हणून या बावीस जणांले केंद्रावरून वापस पाठवलं, तं मी पडन."

मतदानाच्या चार दिवस आधी मी बावीस नावांची यादी केली आणि पुतणीला घेऊन तुमसरला निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेलो. तिने लॅपटॉपवर शाईचा प्रसंग लावला. साहेबांनी तो दोनदा पाहिला.

"हे तं खरं मतदान दिसते. कोणतं केंद्र आहे?"

त्या सिनेमामुळे पुतणीच्या चेहऱ्यावर समाधान आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"शूटिंग आहे साहेब," मी म्हणालो.

"सापडल्यावर सारे शूटिंगच म्हणतात."

मी पुतणीला सिनेमा पुढे न्यायला सांगितलं, एक तास एकेचाळीस मिनिटांवर. साहेबांनी फळा वाचला आणि चष्मा वर केला.

"मतदार चारशे बारा, अन् मतं चारशे एकतीस?"

"हो."

"असा निकाल लिहिणाऱ्याले मी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

पडद्यावर फळ्याच्या बाजूला मीच उभा होतो. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि यादी मागितली. ओळख पटवून या बावीस जणांच्या मधल्या बोटाला शाई लावावी, असं त्यांनी यादीखाली लिहिलं आणि सही केली. तारीख टाकायची राहिली होती. ती मी टाकून घेतली.

मतदानाला एकवीस जण आले. बाविसावा कामासाठी रायपूरला गेला होता. वहिनी चौदा मतांनी निवडून आल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुतणी म्हणाली, "काका, त्या फळ्यावरचे आकडे आता दुरुस्त करते."

"ते राहू दे," मी म्हणालो. "भाषण कमी कर."