होटगीच्या तलावातला मळा

सन १९७४, वैशाख महिना. सात रस्त्याजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या बाकावर रोज एखादा किस्सा जमायचा. पण त्या वैशाखात एका दिवसात जमले, तेवढे वर्षभरात जमले नसतील. आठवलं की अजून डोकं तापतं.

मल्लप्पाशेठ कापडवाल्यांनी नवा कॅमेरा घेतला होता. होटगीच्या तलावावर रोहित पक्षी उतरलेत, फोटो काढू म्हणाले. सोबत बाकावरचेच आमचे वकीलसाहेब. मी माझा स्टँडवरचा मोठा कॅमेरा घेतला.

शेठ आले ते कडक इस्त्रीचं पांढरं धोतर आणि पांढरी टोपी घालून. काठावर पाऊल पडलं आणि थवा लांब उडाला.

वकील म्हणाले, "मतं मागायला आलात असं वाटलं त्यांना."

*

पाणी आटलं की तलावाच्या गाळात लोक कलिंगडं लावतात. पाऊस झाला की मळा पाण्याखाली. शेठ पक्ष्यांकडे बघत थेट गौराक्का नावाच्या बाईच्या वेलांवरून चालले.

"अण्णा, खाली बी बगा की."

"ही सरकारी जागा आहे."

"मग सरकारला तुडवा. वेल माजे हायत."

*

मी काळं कापड डोक्यावर घेऊन काचेत बघत होतो. एक म्हैस सरळ अंगावर आली. कॅमेरा चिखलात, स्टँडचा पाय मोडला. मी म्हसवाल्याला चांगलं सुनावलं.

तो म्हणाला, "मामा, ती तुमाला रेडा समजली."

वकील हसून खाली बसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आजही दिसत नाही.

*

दुपारी आमचं पाणी संपलं. गौराक्कानं विहिरीवरून डोक्यावर आणलेला माठ पुढे केला. आम्ही तिघांनी तो रिकामा केला. शेठ खिशात हात घालू लागले.

"पैशे नगं. ह्या वेलात माजा एक फोटू काढा. लेक इंडीला दिलीया. सासरची टोचत्यात, तुज्या आईला वावर कुटं हाय म्हनून."

"काढतो," मी म्हणालो. शब्द माझा, कॅमेरा शेठचा. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. ती पदर सारखा करून उभी राहिली. तेवढ्यात वरून एक पक्षी गेला आणि शेठनी कॅमेरा वर केला.

"बाई काय, उद्याही इथंच आहे," म्हणाले.

रोल मीच धुतला. शेवटच्या फोटोत नुसतं आभाळ. शेठना सांगितलं, या बाकावर पुन्हा बसायचं नाही.

*

स्टँडला नवा पाय बसवून घेतला आणि पाऊस लागायच्या आत एकटाच गेलो.

"म्हशी लांब हायत, मामा. बिनघोर काढा," गौराक्का म्हणाली.

मी कापडाखाली शिरलो आणि तिच्या मागे पाण्यात अख्खा थवा उतरला. इतका जवळ, इतका स्थिर.

तिनं मागे वळून पाहिलं. "मामा, पानी दिसू देऊ नगा. तळं हाय हे लेकीच्या सासरच्यास्नी कळंल."

मी स्टँड उचलला आणि बाजूला नेऊन लावला. काचेतून पाणी गेलं, पक्षीही गेले.

बाजाराच्या दिवशी दोन प्रती तिच्या हातात दिल्या. बाई, वेल, कलिंगडं. माठातलं पाणी फिटलं.