पेरूखालची लाकडी अक्का

“आता ठरलं म्हंजे ठरलं,” असं म्हणताना अप्पा दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढं करायचे. सरकारी बस चालवून निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. कमलनगरला आमची पिठाची गिरणी आणि त्यांचं घर, मध्ये फक्त कुंपण. असा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. चूक दाखवली की तीच चूक आणखी ठासून करणारा.

घराला लागून त्यांचं थोडं शेत आणि पेरूची बाग. त्यांची बायको, आमच्या अक्का, होत्या तोवर पोपटांची बिशाद नव्हती. दोन्ही हात असे फिरवायच्या की आमच्या गिरणीवरचे पारवेसुद्धा उडायचे. अक्का गेल्या आणि पोपटांचं फावलं. तेव्हा अप्पांनी ठरवलं, वाऱ्यावर फिरणारं लाकडी भिरभिरं करायचं. आणि तेही साधं नव्हे, बाईमाणसाचं.

सफरचंदाच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या, जुन्या सायकलचा एक्सल आणला. धड कापलं, हातांच्या जागी तिरक्या पात्या बसवल्या आणि अक्कांच्या हिरव्या इरकल लुगड्याचा तुकडा गुंडाळला. गल्लीत कुजबुज झाली, गेलेल्या बाईचं कुणी बाहुलं करतं का? अप्पा म्हणाले, मग पोपट भ्यायचे कुणाला, मला का?

मी सुचवलं, मागे शेपूट लावा, म्हणजे वारा फिरेल तसं तोंड वळेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बसमध्ये बकरं चढवलं होतं.

“ती कधी वाऱ्याकडं बघून तोंड फिरवली न्हाई. आता फिरवंल व्हय?”

आणि भिरभिऱ्याचा खांब पेरूखाली सिमेंटमध्ये पक्का केला, तोंड फाटकाकडे.

पावसाळाभर पश्चिमेच्या वाऱ्यावर लाकडी अक्कांनी झकास काम केलं. दिवाळीनंतर वारा पूर्वेकडून सुटला आणि हात उलटे फिरू लागले. हाकलणारी बाई चक्क बोलावू लागली, या, या! पोपटही बेधडक आले. गल्ली हसून बेजार, मीसुद्धा. अप्पा मात्र ठाम होते, वाराच चुकलाय म्हणाले.

हसू बाजूला ठेवा, आता खरी गोष्ट सांगतो. त्यांची लेक कलबुर्गीला दिलेली. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडे सगळे शेतात जेवतात आणि लेकीला बोलावणं जातंच. ते काम अक्कांचं. फोनवर भांडून भांडून बोलवायच्या. अक्का गेल्यावर अप्पांनी फोन केला नाही. तिचंच घर हाय, बोलवायचं कामून, म्हणायचे. आणि लेक मला म्हणाली होती, काका, आता त्या घरात मला कोण बोलवायलंय? बाप-लेक सारखेच हट्टी. येळवसेला अप्पा चुलीवर भज्जी, म्हणजे त्या दिवसाची शेंगा-पालेभाज्यांची पातळ भाजी, ढवळायचे आणि नजर फाटकावर. मला ते बघवत नसे.

त्या वर्षी मी त्या उलट्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि लेकीला पाठवून दिला, थट्टा म्हणूनच.

येळवसेच्या सकाळी फाटकाशी जीप थांबली. लेक उतरली, बॅगेसकट थेट पेरूखाली गेली. आईचं लुगडं तिनं ओळखलं, त्याला हात लावला आणि रडली. अप्पा हातात पळी घेऊन उभे.

“आई बोलावली म्हणून आले,” ती म्हणाली.

“तिचे हात कुणी बसवले?” अप्पांनी आवाज चढवला खरा, पण तिच्या हातातली बॅग काढून घेतली. “मीच बसवलो न्हवं?”

त्या दिवशी आम्ही इतकं जेवलो की विचारू नका. पुढं लेकीची एकही येळवस चुकली नाही.

यंदा श्रावणात अप्पा गेले. घराला कुलूप लागलं. फार जीव तुटला माझा. येळवसेला आता इथं कोण येतंय, असं मी धरूनच चाललो होतो. सकाळी गिरणी उघडली, तर कुंपणापलीकडून फोडणीचा वास आला. कुणीही न बोलावता लेक आली होती, कुलूप उघडून चूल पेटवली होती. ती पदराला हात पुसत कुंपणाशी आली आणि माझ्यावरच ओरडली, “काका, गिरणी बंद करा की. जेवायला बोलवायची वाट बघायलात व्हय?”