कूलरसमोरची खुर्ची

"कूलरसमोरून ऊठ ना जरा. हवा तुझ्यावरून येऊन राहिली."

मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं. नाकाला रुमाल लावून. ऑफिसात आम्ही चारच माणसं. टॅक्सची कामं करणारे साहेब, ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडम, नितीन आणि मी. साहेबांनी कॉम्प्युटरमधून डोकं वर काढलं नाही. नितीन हसला. त्याच्या तोंडात दिवसभर खर्रा असतो, बोलायला लागला की तंबाखूचा भपकारा येतो. त्याला कधी कुणी ऊठ म्हटलेलं नाही.

मी उठले. खुर्ची घेऊन मागच्या खोलीत गेले, जुन्या फायली ठेवतात तिथे. मे महिना, आणि त्या खोलीत पंखासुद्धा नाही.

झालं होतं एवढंच, की सकाळी घरची लाइट गेली, आतल्या खोलीत काही दिसेना आणि घाईत डिओ लावायचा राहिला. कन्हानहून शहरात, सक्करदऱ्यापर्यंत मी स्कूटीने येते. तोंडाला दुपट्टा, हातात मोजे, वरून आग. कामठी मागे पडल्यावर डिओ आठवला आणि घाबरलेच. आंघोळ केली होती. कपडे धुतलेले होते. तरी घाबरले. एवढी भीती कशाची, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

ऑफिसात पोचल्यावर हात धुवायच्या साबणाने काखा धुतल्या, दुपट्ट्याने पुसल्या. मग कूलर भरला. मी सगळ्यांत आधी येते म्हणून ते काम माझं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात एकदा भरला, तो गळ्यातच पडला. बाथरूममधून बादल्या आणायच्या आणि टाकीत ओतायच्या. टाकी भरेपर्यंत पुन्हा घामाघूम झाले. मग दंड अंगाला चिकटवून बसले. वरच्या कप्प्यातली फाइल हवी होती, तरी हात वर केला नाही.

आणि तरी उठवलंच.

दुपारी डबे उघडल्याचा आवाज आला. रोज आम्ही कूलरसमोर एकत्र जेवायचो. मी हाकेची वाट पाहिली. त्यांचं हसणं ऐकू येत होतं, हाक काही आली नाही. शेवटी फायलींच्या गठ्ठ्यावर डबा ठेवला. आईच्या हातची वांग्याची भाजी होती. पोळीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. फार एकटं वाटलं. रडले, तेसुद्धा आवाज बाहेर जाणार नाही असं.

जेवण आटोपून मॅडम आल्या. दारातच थांबल्या. आवाज अगदी मऊ.

"मनाले लावून घेऊ नको. तुझा दोष नाही. तुमच्या लोकांत लहानपणापासून सवयच नसते ना."

तुमच्या लोकांत.

आमच्या घरी आंघोळ केल्याशिवाय बुद्धाच्या मूर्तीपुढे कुणी मेणबत्ती लावत नाही. आजीपासूनचं आहे ते. मी डब्याकडे बघत होते. भाजी तशीच होती. मॅडमच्या डब्यातलं मी खाल्लं होतं, नितीनच्याही. माझ्या डब्यात आजवर कुणी हात घातला नव्हता. तुमचं लय तिखट असते, म्हणायचे. मी खरं मानलं. आईला तिखट कमी टाकायला लावलं. तरी कुणी घेतलं नाही.

डिओ मी आज विसरले होते. डबा तर रोज आणत होते.

डोक्यात तिडीक गेली. डोळे पुसले, खुर्ची उचलली आणि मॅडमच्या बाजूने बाहेर आले. जुन्या जागी, कूलरसमोर ठेवली. ऑफिसात मी जपून, पुस्तकातलं बोलते. त्या वेळी घरचं बोलणं तोंडात आलं.

"मॅडम, मी आंघोळ करून आली. घाम आला तो हा कूलर भरता भरता आला मले. मी इथंच बसीन."

आणि बसले. संध्याकाळपर्यंत कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही. घरी आईने विचारलं, डबा काहून उरला? भूक नव्हती म्हटलं. आणखी काही सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी डिओ लावला. मला तो वास आवडतो म्हणून लावला. ऑफिस उघडलं, कूलर सुरू केला आणि कामाला बसले. बादलीकडे गेले नाही. थोड्या वेळाने गरम हवा यायला लागली.

"पाणी नाही भरलं काय वं आज?" मॅडमनी विचारलं.

"नाही. आता बारी लावू. आजची तुमची."

मॅडम उठल्या नाहीत. नितीनही नाही. साहेबांनी नुसती कॉलर सैल केली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पाठी भिजल्या. नितीनचा शर्ट, मॅडमचा ब्लाउज, माझा कुर्ता. खोलीभर वास होता आणि तो कुणा एकाचा नव्हता. मी कुणाला ऊठ म्हटलं नाही.

डबा उघडला. आईला सकाळीच सांगितलं होतं, तिखट पहिल्यासारखं टाक. आता मी एकटीच जेवते. बोलत नाहीत माझ्याशी. न बोलोत. पण जेवते कूलरसमोर. ही खुर्ची इथून हलणार नाही, आणि माझी बारी आल्याशिवाय त्या बादलीला मी हात लावणार नाही.