वस्तीवरचा पत्ता

"घराला कुलूप. शेजारी म्हणत्यात, बाई हितं ऱ्हात न्हाय. मग पळून कुठं गेलती ही?"

माझ्या व्हिसाच्या चौकशीला गावातल्या घरी जाऊन आलेल्या हवालदाराने हे मला विचारलं नाही. माझ्या थोरल्या दिरांना विचारलं. पोलीस ठाण्यात हवालदार आणि दीर खुर्चीत, मी उभी. मागे रांगेतली माणसं हसली. दीरही हसले.

मी मॉरिशसची. पणजोबा कोकणातून तिकडे ऊस तोडायला गेले. मी लग्न करून शेळगावात आले, तीही उसातच. मराठी घरातच शिकले. पण पासपोर्ट परका. त्यामुळे राहायचं घर बदललं की मुदतीत सरकारला कळवायचं, हा नियम मला लागू. नाही कळवलं तर दंड, आणि पुढे व्हिसा वाढून मिळेलच असं नाही. माझी मुलगी सहा वर्षांची. व्हिसा गेला तर ती इथे, मी तिकडे.

उन्हाळ्यात दिरांसकट आम्ही सगळेच गावातलं घर सोडून रानातल्या वस्तीवर राहायला गेलो. जेमतेम तीन किलोमीटर. वस्तीवर जाणं म्हणजे घर बदलणं, असं आमच्याकडे कुणी धरतच नाही. रेशनकार्ड गावातलं, टपाल गावात, देव्हाराही गावातच. तरी मी दिरांना म्हटलं, "दादा, पत्ता कळवावा लागेल." माझे सगळे कागद त्यांच्या कपाटात असायचे. पासपोर्टसुद्धा.

"आगं, रान आपलं, घर आपलं. पत्ता कसला बदलतोय? गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. नवराही. थोरल्यापुढे त्याचं तोंड कधी उघडलंच नाही.

आणि आता तेच दीर सांगत होते, "म्या हिला बजावलं व्हतं साहेब. ऐकंल तर ना."

त्यांनी खिशातून कागद काढला. मजकूर घरूनच लिहून आणलेला. मी घरच्यांना न सांगता दुसरीकडे राहायला गेले, चूक झाली, माफी असावी.

"कर सही. न्हायतर बसशील मॉरिशसच्या इमानात. पोरगी आमी सांभाळू."

पोरगी आमी सांभाळू. पेन घेतलं. नावाचं पहिलं अक्षर काढलंही. मग 'न सांगता' हे दोन शब्द पुन्हा वाचले. हा कागद फाइलीत जाणार. घर सोडून गेलेली बाई. उद्या हाच कागद दाखवून पोरगी ठेवून घेतील.

मी ते अक्षर खोडलं.

"मी सांगितलं होतं, दादा. तुम्ही गप्प राहा म्हणालात. ही सही मी करणार नाही."

"तोंड फुटलं व्हय गं?"

हवालदाराकडे कोरा कागद मागितला आणि उभ्यानंच लिहिलं. वस्तीवर कधी गेलो, रानाचा गट नंबर काय, कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं. अक्षर सगळं वाकडंतिकडं.

"पोच द्या," मी म्हटलं.

"आता पोच बी पायजे?" तो म्हणाला. पण दिली.

वस्तीवर येऊन सगळ्यांसमोर दादांचं कपाट उघडलं आणि पासपोर्ट काढून घेतला.

दंड होईल. व्हिसाचं अजून माहीत नाही. वस्तीपाशी मोटरसायकल थांबली की मी मुलीला आत ओढते, इतकी भ्याले आहे. पण मला घालवायचंच असेल तर सरकारनं आपल्या शिक्क्यानं घालवावं. दादांच्या मजकुराखाली माझी सही मिळणार नाही.