गोपनीय योजनेचा जाहीर सत्कार

अन्याय झाला तो आमच्या फोर्कलिफ्टवाल्या मामांवर. गेल्या वर्षी, सुरक्षा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या पाळीचा चहा झाल्यावर, पार्किंगमध्ये टाकलेल्या मांडवात, माईकवरून. हत्यार म्हणाल तर एक शाल आणि एक नारळ.

मामांचं नाव लिहिणार नाही. त्यांचं जेवढं चव्हाट्यावर यायचं तेवढं येऊन गेलंय. गावही सांगत नाही. बारामतीतून निघणारा, दोन्हीकडे ऊस असलेला कुठलाही रस्ता धरा, त्यावर कुठंतरी. कंपनीचं नाव टाळते, कारण मला अजून तिथंच काम करायचंय. फळांचा गर डब्यांत भरणारी कंपनी आहे, मी पॅकिंगला आहे, आणि कामगारांची पत्रकं मीच लिहिते.

त्यावरून मामा मला छळायचे. "ए पत्रकवाली, उद्गारचिन्हं कमी कर की जरा. वाचताना माणसाला दम लागतोय."

मी म्हणायची, "मामा, मजकूर कसा आहे ते सांगा."

"मजकूर झ्याक हाय. पण सारखं कुणीतरी वरडतंय असं वाटतं."

आमच्या शेडमध्ये प्रत्येकाची एकेक गोष्ट मामांकडे होती. कुणाचं सासूशी पटत नाही, कुणाचा नवरा पितो, कुणाला कायम होण्याची आशा उरलेली नाही. मामा फोर्कलिफ्ट कडेला लावायचे, खांद्यावरच्या टॉवेलनं सीट झटकायचे आणि खाली उतरून ऐकायचे. मध्ये बोलायचे नाहीत. आपण भानावर येऊन "तुमचं कसं चाललंय, मामा?" म्हटलं, की ठरलेलं उत्तर यायचं: "माझं ऱ्हाऊ दे. तुझं सांग." त्यांचं काय चाललंय ते मग कुणालाच कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाचं अडायचंही नाही.

मग डब्यांची ती थप्पी पडली. मामा पॅलेट उचलत होते, थप्पी कलली आणि लेबलिंगवाल्या ताई जिथं उभ्या होत्या नेमकी तिथं कोसळली. ताई तेवढ्यात पाणी प्यायला सरकल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्यांना ओरखडाही आला नाही. मामा मात्र स्टिअरिंग धरून बसले ते उतरेचनात. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांच्यासाठी डब्यात शेंगोळे आणले आणि सगळ्यांसमोर दम भरला, "मामा, मी जित्ती हाय. तुमी कशापायी सुतकात बसलाय?"

सगळे हसले. मामाही हसले. आम्हाला वाटलं, संपलं.

त्याच सुमारास कंपनीनं समुपदेशन योजना आणली. कॅन्टीनच्या मागं एक केबिन, त्यात दर मंगळवारी पुण्याहून येणाऱ्या मॅडम. बाहेर पाटी: "मनातलं बोला. पूर्णपणे गोपनीय." मंगळवारमागून मंगळवार गेले, मॅडम येऊन, चहा पिऊन परत जायच्या. तिथं जायचं म्हणजे डोकं फिरलंय असं जाहीर करणं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एकदा चहाच्या रांगेत मामांनी एचआरच्या साहेबांना विचारलेलं मी ऐकलं. "सायेब, तितं आत बोललेलं भायेर येत न्हाय म्हणत्यात. व्हय का?"

"अहो मामा, या कानाचं त्या कानाला कळणार नाही!"

"न्हाय, सहज इचारलं," मामा म्हणाले आणि कप विसळायला गेले.

पुढच्या मंगळवारी मामा केबिनमध्ये गेले असणार. मी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. कुणाच्या नजरेस पडू नये अशी वेळ त्यांनी बरोबर गाठली होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं "माझं ऱ्हाऊ दे" बाजूला ठेवलं आणि स्वतःचं सांगितलं.

ते आत काय बोलले हे मला माहीत नसायला हवं होतं. मला माहीत आहे. शेडमधल्या सगळ्यांना माहीत आहे, गेटवरच्या वॉचमनला माहीत आहे, मांडव घालणाऱ्याला माहीत आहे.

कारण सुरक्षा सप्ताहाच्या समारोपात बक्षिसं वाटून झाली आणि साहेबांनी माईक हातात घेतला. "आता एक खास सत्कार! आपल्या गोपनीय समुपदेशन योजनेचे पहिले लाभार्थी!" आणि त्यांनी मामांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

मामा मागच्या रांगेत होते. लोकांनी ढकलत पुढं आणलं. साहेब बोलतच होते, "मामांना झोप लागत नाही. फोर्कलिफ्टवर बसलं की हात कापतात, छाती धडधडते. डोळ्यांपुढं सारख्या ताई दिसतात, डब्यांखाली गेलेल्या! पण मामा लाजले नाहीत, मामा बोलले! यांचा आदर्श आपण सगळ्यांनी घ्यायचा. जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. आपल्याकडे माईकवरून सांगितलं की वाजतातच. प्लांटच्या मोठ्या साहेबांनी शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोवाला म्हणाला, "मामा, इकडं बघा, हसा जरा." मामा हसले. ते हसणं मला आजही बघवत नाही. लेबलिंगवाल्या ताईंनी टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले होते. इतके दिवस आपण या माणसाच्या डोळ्यांपुढं रोज मरतोय, हे त्यांना माईकवरून कळलं.

फोटो दुपारच्या आत ग्रुपवर होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना विचारलं, "तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

"मॅडमनी. मी विचारलं, काही प्रतिसाद आहे का? त्या म्हणाल्या, एक जण आले. मी म्हटलं, कोण, काय? त्यांनी सांगितलं."

"त्यांनी सांगायचं नव्हतं. आणि तुम्ही विचारायचं नव्हतं."

"कंपनीची योजना आहे, कंपनीनं विचारायचं नाही?" साहेबांना खरोखर कळत नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनं लिहीत नाही, जास्त भयंकर आहे म्हणून लिहितेय. "अगं, मी कौतुकच केलं की! बदनामी केली का? शालसुद्धा चांगल्यातली आणली होती!"

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरनं मामांना फोर्कलिफ्टवरून उतरवलं. हात कापतात हे सगळ्यांसमोर ऐकल्यावर मी कसा बसवू, म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण हेच डॉक्टरला विचारून, चार भिंतींत, "मामा, थोडे दिवस दुसरं काम करा, बरं वाटलं की या" असं सांगता आलं असतं. मामाही त्यासाठीच गेले असतील केबिनमध्ये. मिळालं काय, तर बागेला पाणी घालायचं काम, कायमचं. जाता येता पोरं ओरडायची, "मामा, झाड पडंल बगा अंगावर!" गावात पारावर कुणीतरी विचारलं, "डोस्क्याच्या गोळ्या चालू हायेत म्हनं?"

पुढच्या मंगळवारी मॅडम केबिनमध्ये बसून होत्या. मामा पाइप धरून समोरच्या हिरवळीवर उभे होते, केबिनकडे पाठ करून. महिना भरायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. आम्ही त्यांना निरोप देणार होतो. ते म्हणाले, "नगं. आता सत्कार नगं."

मध्यंतरी इंदापूरच्या स्टँडवर अचानक भेटले. वाळले होते. मी विचारलं, झोप लागते का? मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. म्हटलं, "मामा, इथं कुणा डॉक्टरकडे तरी जा. सगळे तसले नसतात."

"तितं बी नारळ दिला म्हंजी?" म्हणाले आणि हसले.

मी म्हटलं, "मामा, मी हे लिहिणार आहे."

"लिही. नाव घालू नगं."

बारामतीची गाडी लागली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर ते गर्दीत निघून गेले होते.

आमच्या शेडमध्ये आजही एक जणी आहे, जिला त्या केबिनमध्ये जायची गरज आहे. ती जाणार नाही. पाटी अजून आहे, मॅडम बदलल्यात, साहेब तेच आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या कंपनीत, कारखान्यात, बँकेत, कुठंही असं केबिन असेल, तर उद्याच साहेबांसमोर उभं राहून विचारा: मी आत गेले हे कुणाला कळणार? लेखी उत्तर मागा आणि मिळेपर्यंत हलू नका. तुम्हीच साहेब असाल तर कोण आलं होतं हे विचारायचं आजपासून बंद करा.

आणि हे वाचून मला फोन करू नका, "कोण गं हे मामा?" म्हणून. ओळखलं असेल, तर तोंड बंद ठेवा.