बाहेर येऊन मी काय सांगितलं

बहिणीच्या होणाऱ्या सासरची माणसं मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनाही मी आवडलो नव्हतो. साखरपुडा झाला आणि मग त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की, मुलगी घागर घेऊन येताना वाटेत खाली बसते. नवरदेवाचे चुलते सिरसाळ्याहून थेट आमच्या केजच्या दुकानात आले. साबणाच्या खोक्यावर बसले. समोरच्या चहाला हात लावला नाही.

"पोरगी दमती म्हणं तुमची."

"दमत न्हाई," माझे वडील, अप्पा, म्हणाले. "नाजूक हाय जरा."

"नाजूक चालती आमाला. आजारी न्हाई चालणार. तपासून घ्या. अन् आमी संगं येणार."

नाही म्हणायची सोय नव्हती. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा. त्यावर सांगितलेली इंजेक्शनं बरं वाटल्यावर आम्ही सोडून दिली होती. तो ताप हृदयात उतरून बसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं.

त्या काळात बीडच्या दवाखान्यात मोठ्या शहरातून हृदयाचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, मशीन गाडीत घालून. हृदयाची झडप आक्रसली असेल तर मांडीच्या शिरेतून नळी घालायची, तिच्या टोकाचा फुगा आत फुगवायचा आणि झडप मोकळी करायची, असा उपाय नवा निघाला होता. छाती चिरावी लागत नव्हती. पण तो सगळ्यांना चालत नसे. कुणाला चालेल आणि कुणाला नाही, हे निवडायलाच ते येत. आमच्या घरात यातलं एकच पोचलं: छातीवर व्रण राहत नाही. आई लगेच वैजनाथाला अभिषेक बोलली.

जीपमध्ये चुलते पुढे बसले. त्यांच्याकडे नुकताच रंगीत टीव्ही आला होता, त्यामुळे त्यांना यंत्रांतलं सगळं कळत होतं.

"मशीन रंगीत हाय म्हणं तिथलं. खरं-खोटं समदं दिसतंय त्यात."

मागून बहीण म्हणाली, "मग आधी तुमीच निजा की त्याच्याखाली."

अप्पांनी तिला कोपरानं ढोसलं.

तपासणी झाली. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "मुलीला बाहेर बसवा. तुमच्यात शिकलेलं कोण आहे?"

ही तिथली पद्धतच होती. ज्याचा आजार त्याला बाहेर काढायचं आणि घरातल्या शिकलेल्या पुरुषाला आत घ्यायचं. आमच्या आधीच्यांनी तेच केलं होतं, नंतरच्यांनीही केलं असणार. मी बी.कॉम. झालो होतो, दुकानाशेजारी एसटीडी बूथ चालवत होतो. अप्पांनी मला पुढे ढकललं आणि स्वतः बाहेर गेले.

बहीण दारातच थांबली. "माझंच हाय ना त्ये? मला बी ऐकू द्या की."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. मी म्हणालो, "तू बस बाहेर."

डॉक्टर म्हणाले, झडप नुसती आक्रसलेली नाही, गळतेही आहे, आणि बरीच. फुगा घातला तर फाटेल. ही फुग्याची केस नाही. छाती उघडून झडप बदलावी लागेल, आणि ते होईपर्यंत मूल नको.

"कळलं?"

"कळलं."

"काय कळलं, सांगा बरं."

मी शाळेतल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. पुढे मी स्वतःला अनेक सबबी दिल्या, पण ऐकण्यात चूक झाली ही सबब मला कधी वापरता आली नाही.

बाहेर व्हरांड्यात चुलते दाराला खेटून उभे होते. जनरेटरच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणला?"

त्यांच्या तोंडावर हसू तयार होतं. लग्न मोडायला निमित्त मिळालंय, असं ते हसू. मी म्हणालो, "झडप थोडी आक्रसलीय. पण फुग्याचीसुद्धा गरज नाही म्हणाले. गोळ्या घेतल्या की झालं."

हसू गेलं. मला बरं वाटलं. बहिणीच्या भल्यासाठी खोटं बोललो, असं मी बायकोला पुढे सांगत आलो. तसं नव्हतं. लातूरकडे माझ्या सोयरिकीची बोलणी चालली होती, हिचं मोडलं असतं तर माझंही मोडलं असतं. पण त्याहून मोठं म्हणजे, त्या माणसाला मला जिंकू द्यायचं नव्हतं.

परतताना बहिणीने हळूच विचारलं, "खरंच न्हाई ना लागत, दादा?"

"न्हाई म्हटलं ना. कितींदा विचारशील?"

लग्न झालं. वर्ष उलटल्यावर तिला दिवस गेले. पोट वाढलं तसं तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपायची. सासरचे म्हणाले, माहेरी जायची नाटकं आहेत. मला निरोप आला होता. मी गेलो नाही. तिला बीडला आणलं तेव्हा छातीत पाणी भरलं होतं. बाळ राहिलं नाही. ती राहिली.

ती बसू लागली आणि त्या डॉक्टरांचा दिवस आला. तोच व्हरांडा. तिचा नवरा, चुलते, अप्पा आणि मी. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी दार उघडून नेहमीसारखं विचारलं, "शिकलेलं कोण आहे?"

मी उठलो. हे आज लिहितानाही मला कळत नाही की मी कसा उठलो.

"त्यो न्हाई," आतून तिचा आवाज आला.

"मग नवऱ्याला बोलावू?"

"कुनालाच नगं. मला सांगा. माझ्याच छातीत हाय."

दार बंद झालं. आम्ही चौघे बाहेर. चुलते माझ्याकडे वळले.

"का रं, तवा काय सांगितलं व्हतं त्यानं तुला?"

मी वाकून चपलेचा पट्टा लावू लागलो.

"बोल की रं! आता का दातखीळ बसली?"

अप्पा फरशीकडे बघत होते.

ती चौकट धरून बाहेर आली. दोन शब्द, मग श्वास, मग पुन्हा दोन शब्द. "फुगा चालत न्हाई मला. तवाबी चालत नव्हता. डॉक्टर म्हणले, भावाला सांगितलं व्हतं. छाती उघडायची हाय." मग चुलत्यांना म्हणाली, "व्रण न्हाई ना चालत तुमाला? मग आत्ताच सांगा, हितंच."

चुलत्यांनी मान फिरवली. नवरा तिच्यासाठी बाकावर जागा करू लागला.

माझ्याकडे तिने सगळ्यात शेवटी पाहिलं. "तू जा घरी."

मी थांबायला हवं होतं. पायावर डोकं ठेवायला हवं होतं, निदान शिव्या खायला तरी. स्टँडवर केजची गाडी लागलेली होती. मी बसलो.

ऑपरेशनच्या कागदावर तिने स्वतः सही केली, असं अप्पांनी सांगितलं. ती आहे, सिरसाळ्यालाच आहे. सणावाराला भेटते, लागेल तेवढं बोलते. दवाखान्यात जायचं असलं की आमच्या घरी सगळ्यांना कळवते. मला सोडून.